वाचक विचारतात : राजवाड्यासमोरचा लाल कोटवाला

मागच्या अंकात लंडनच्या बकिंगहॅम पॅलेससमोर उभ्या असलेल्या गार्डचा फोटो छापला होता, लाल कोट, डोळ्यांपर्यंत आलेली केसाळ काळी टोपी, आणि खाली दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी लंडनला काही वर्षं राहिलेय, या मंडळींना पुष्कळ वेळा बघितलंय, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल लिहायची संधी मिळाली याचा मला आनंदच झालाय.

ताई, हे खरे सैनिक असतात का टुरिस्टांसाठी ड्रेस घालून उभे केलेले कर्मचारी? आमच्या घरी यावरून जेवताना जोरदार वाद झाला. – एक वाचक, नाशिक

खरे सैनिक. हातातली रायफल खरी, तिच्यावरची संगीन खरी. ब्रिटिश आर्मीच्या पायदळात फूट गार्ड्स नावाच्या पाच रेजिमेंट आहेत, ग्रेनेडियर, कोल्डस्ट्रीम, स्कॉट्स, आयरिश आणि वेल्श, बहुतेक वेळा पहाऱ्याला यांच्यातलेच जवान असतात. भरती झाली की बाकी पायदळासारखंच ट्रेनिंग, वर कवायत थोडी जास्त, आणि मग पाळीपाळीने कधी लंडनमध्ये राजवाड्याची ड्युटी तर कधी परदेशात पोस्टिंग.

आता एक उदाहरण देते, तुमच्या घरचा वाद तिथेच मिटेल. १९८२ ला फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं युद्ध झालं. स्कॉट्स गार्ड्सची जी बटालियन लंडनमध्ये हीच समारंभाची ड्युटी करत होती तिलाच बोटीत बसवून थेट तिकडे पाठवलं, आणि जूनच्या कडाक्याच्या थंडीत (तिकडे जून म्हणजे हिवाळा) रात्रीच्या अंधारात त्यांनी माउंट टंबलडाउन नावाचा डोंगर समोरासमोर लढून घेतला, संगीन लावून. त्याच्या काही दिवस आधी ८ जूनला वेल्श गार्ड्सचे जवान ज्या सर गॅलाहॅड जहाजावर होते त्यावर अर्जेंटिनाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, ४८ माणसं गेली, त्यातले ३२ एकट्या वेल्श गार्ड्सचे. पुढे २००९ मध्ये अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतात वेल्श गार्ड्सचे कमांडिंग ऑफिसरच मारले गेले. म्हणजे आज राजवाड्यासमोर जो पोरगा पुतळ्यासारखा उभा दिसतो त्याच्या रेजिमेंटमध्ये अशा आठवणी आहेत, आणि उद्या त्यालाही कुठेतरी जावं लागू शकतं. त्याला शोभेचा माणूस म्हटलं की मला वाईट वाटतं.

मी दहावीत आहे. मला सगळे गार्ड सेम टू सेम दिसतात, कोण कुठल्या रेजिमेंटचा हे ओळखायची काही ट्रिक आहे का? – एक विद्यार्थी, सांगली

आहे ना, आणि एकदा कळली की तू कुठल्याही फोटोत बघून सांगशील. कोटाची बटणं बघायची. बटणं एकेक करून सारख्या अंतरावर असली तर ग्रेनेडियर, दोन-दोनच्या जोडीत असली तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. रेजिमेंटचा मानाचा नंबर जो, तेवढी बटणं एका गटात.

बटणं दिसत नसतील तर टोपीवरचा तुरा बघ. ग्रेनेडियरचा पांढरा आणि डाव्या बाजूला, कोल्डस्ट्रीमचा लाल आणि उजवीकडे, आयरिशचा निळा उजवीकडे, वेल्शचा पांढरा-हिरवा-पांढरा डावीकडे, आणि स्कॉट्स गार्ड्सना तुराच नाही. हिवाळ्यात मात्र वरून राखाडी ओव्हरकोट असतो, लाल कोट झाकला जातो, पण त्या ओव्हरकोटाची बटणंही याच हिशोबाने लावलेली असतात त्यामुळे ट्रिक बाराही महिने चालते.

यातली एक गंमतशीर भानगड सांगते. कोल्डस्ट्रीम १६५० ची आणि ग्रेनेडियर १६५६ ची, मग नंबर एक ग्रेनेडियर कसे? तर कोल्डस्ट्रीमची पलटण उभी राहिली ती क्रॉमवेलच्या फौजेत, म्हणजे राजाच्या विरुद्ध बाजूला, आणि ग्रेनेडियर हे परागंदा झालेल्या चार्ल्स दुसऱ्याने स्वतःसाठी उभे केलेले. राजा परत आला तेव्हा राजाची माणसं वरचढ ठरली. कोल्डस्ट्रीमवाल्यांनी हे कधीच मनाने मान्य केलं नाही, त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्यच आहे की आम्ही कुणाहूनही दुय्यम नाही, आणि परेडमध्ये पाचही रेजिमेंट एका ओळीत उभ्या राहिल्या की ग्रेनेडियर उजव्या टोकाला तर हे थेट डाव्या टोकाला, दुसऱ्या नंबरच्या जागी उभेच राहत नाहीत. पावणेचारशे वर्षं हा मान त्यांनी सांभाळलाय.

ती टोपी खरंच अस्वलाच्या कातड्याची असते? आजच्या काळात हे बरोबर वाटतं का तुम्हाला? – एक वाचक, पुणे

हो, खरीच. कॅनडातल्या काळ्या अस्वलाचं कातडं, केसांसकट. उंची साधारण ४६ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि हनुवटीखाली पट्टा नसतो, एक साखळी असते ती खालच्या ओठाच्या अगदी खाली टेकलेली. फोटो मोठा करून बघा, ती साखळी ओठाला लागूनच दिसेल, आणि दोन तास ती तशीच ठेवायची, हाताने सारखी करायची नाही.

ही टोपी आली वॉटर्लूच्या लढाईनंतर. १८ जून १८१५ ला नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डचा शेवटचा हल्ला परतवण्यात आज ज्यांना ग्रेनेडियर म्हणतो त्या ब्रिटिश पलटणीचा मोठा वाटा होता, नेपोलियनच्या त्या गार्डमधले ग्रेनेडियर अशाच उंच केसाळ टोप्या घालायचे, मग विजयाची खूण म्हणून या पलटणीला ग्रेनेडियर हे नाव आणि तिच्यातल्या सगळ्यांना ही टोपी मिळाली. कोल्डस्ट्रीम आणि स्कॉट्सला १८३१ मध्ये मिळाली. म्हणजे मुळात हरलेल्या शत्रूची टोपी जिंकणाऱ्याने डोक्यावर घेतली, आणि मग ती ब्रिटनचीच ओळख होऊन बसली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. प्राण्यांच्या संघटना गेली कित्येक वर्षं नकली फर वापरा म्हणून मागे लागल्यात, लाखाच्या वर सह्या झाल्या आणि २०२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सदस्यांनी यावर चर्चा केली. संरक्षण खात्याचं म्हणणं की कॅनडात परवान्याने जी शिकार होते त्यातलंच कातडं आम्ही घेतो, आमच्यासाठी वेगळी अस्वलं मारत नाहीत, आणि नकली फर पावसात टिकत नाही, पाणी धरते, आकार बिघडतो. एका टोपीचा खर्च आता २००० पौंडांच्या वर गेलाय. टोपी नीट जपली तर कित्येक दशकं टिकते आणि एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते हे खरं, पण माझं मत विचाराल तर नकली फर आणावी. राणी कॅमिलांनी २०२४ मध्ये आपण नवीन फरचे कपडे घेणार नाही असं कळवलंय, मग पहारेकऱ्याची टोपीही बदलू शकते. लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही आणि जवानाचा मान टोपीतल्या केसांवर अवलंबून नाहीये.

मी पोलीस खात्यातून रिटायर झालोय, बंदोबस्ताला बारा-बारा तास उभा राहिलोय त्यामुळे उभं राहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. हे लोक न हलता किती वेळ उभे राहतात? चक्कर येत नाही का? – एक वाचक, सातारा

काका, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण यातलं कष्ट तुम्हाला न सांगता कळतंय. एका पाळीला दोन तास पहारा, मग चार तास सुट्टी, मग पुन्हा दोन तास, असं चोवीस तासांची गार्ड संपेपर्यंत, आणि कधी कधी गार्ड अठ्ठेचाळीस तासांचीही असते. त्या चार तासांत झोपायचं, खायचं, आणि बूट-बटणं पुन्हा चकाचक करायची. बुटांचं तर असं की पॉलिश लावून ओल्या कापडाने बोटाच्या टोकाएवढे छोटे छोटे गोल करत बसायचं, तासन्तास, आरशासारखं दिसेपर्यंत.

दोन तास अगदी पुतळा होऊन राहावं लागतं असं मात्र नाही. साधारण दहा मिनिटांच्या वर एका जागी थांबायचं नसतं, मग पंधरा पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. शेजारी दुसरा पहारेकरी असेल तर दोघं एकदम निघतात, आणि ते बोलून ठरवत नाहीत, एकजण रायफलचा दस्ता जमिनीवर हलकेच आपटतो, दुसऱ्याला कळतं. तिथे रेलिंगजवळ गप्प उभं राहिलात तर तो आवाज तुम्हालाही ऐकू येतो, आधी टक टक आणि मग दोघांचे पाय एकाच वेळी उचलले जातात.

चक्कर येते, आणि ती का येते हे समजून घेण्यासारखं आहे. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सुटले जातात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं. सावधानमध्ये गुडघे ताठ करून उभं राहिलं की हे काम बंद, रक्त पायात साचतं, वर उन्हाने शिरा फुगलेल्या, घामाने पाणी कमी झालेलं, मेंदूला रक्त पुरत नाही आणि माणूस कोसळतो. म्हणून त्यांना शिकवतात की बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा, टाचा किंचित उचला, रात्री पुरेसं पाणी प्या, सकाळी उपाशी निघू नका. एवढं करूनही येणारा झटका येतोच. १० जून २०२३ ला ट्रूपिंग द कलरच्या (राजाच्या वाढदिवसाची मोठी परेड) आधीच्या परेडला प्रिन्स विल्यम घोड्यावरून पाहणी करत होते, तापमान तीसच्या घरात, अंगावर जाड लोकरीचा कोट आणि डोक्यावर ती टोपी, तेव्हा किमान तीन जवान पडले. त्यातला बँडमधला ट्रॉम्बोनवाला पडला, उठला, आणि उभं राहून पुन्हा वाजवायला लागला, शेवटी त्याला मदतीला आलेले लोक घेऊन गेले. तीस डिग्री आपल्याला काहीच वाटत नाही पण लोकरीचा बंद गळ्याचा कोट घालून पुण्याच्या उन्हाळ्यात उभे आहोत अशी कल्पना करा. विल्यम यांनी नंतर त्या सगळ्यांचे जाहीर आभार मानले.

रीलमध्ये बघितलं, एक गार्ड चालता चालता छोट्या मुलाला पाडून तसाच पुढे गेला. इतकं निर्दयी असायची गरज आहे का? – एक वाचक, ठाणे

तुम्ही म्हणताय ती घटना डिसेंबर २०२१ ची, टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यातली. दोन गार्ड ठरलेल्या वाटेने मार्च करत येत होते, एक मूल अचानक मध्ये आलं आणि पहिल्या गार्डचा धक्का लागून पडलं, गार्ड त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेला. रील तिथेच संपते. पुढचं कोणी दाखवत नाही, ते असं की त्या जवानाने नंतर जाऊन मुलाची चौकशी केली आणि मूल ठीक असल्याची खात्री करून घेतली, असं संरक्षण खात्याने सांगितलं. मला विचाराल तर मूल पडलं हे वाईटच झालं, कुठल्याही आईचा जीव वर येईल, पण दोष त्या जवानाला देणं मला पटत नाही. तो ड्युटीवर होता, त्याची वाट ठरलेली होती, आणि मोठ्यांनी मुलाचा हात धरायला हवा होता.

गार्ड ओरडतो ते "किंग्ज गार्डला वाट द्या" किंवा "किंग्ज गार्डपासून मागे व्हा", ते राग आला म्हणून नाही, तसं करायचा नियमच आहे. कोणी त्रास द्यायला लागलं तर आधी जोरात पाय आपटून सावधान, मग हा आवाज, तरी ऐकलं नाही तर रायफल पुढे धरून इशारा, आणि मदत हवी असेल तर तो उभा राहतो त्या लाकडी खोक्यासारख्या चौकीत एक बटण असतं, ते दाबलं की गार्डरूममधून माणसं येतात. पूर्वी बकिंगहॅम पॅलेसचे पहारेकरी रेलिंगच्या बाहेर, लोकांमध्येच उभे असायचे. लोकांनी इतका छळ केला की १९५९ मध्ये त्यांना आत घेतलं, म्हणून आज तिथे ते लांबून दिसतात. विंडसरच्या राजवाड्याला आणि टॉवरला अजून जवळून बघता येतं, आणि दुर्दैवाने तिथे छळही जवळून होतो. गालाजवळ तोंड नेऊन किंचाळणं, खांद्यावर हात टाकणं, टोपीला हात लावणं, हसवायला अचकट विचकट नाच, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यात आपली माणसंही होती याची मला लाज वाटली. समोरचा माणूस उलट बोलू शकत नाही हे माहीत असताना त्याची चेष्टा करणं यात कसली मजा?

आणि ते दगड नसतात हो. घोडदळाचा पहारा असतो त्या हॉर्स गार्ड्सला घोड्यावर बसलेल्या एका जवानाने डाउन सिंड्रोम असलेल्या एका पाहुण्याला फोटो नीट काढता यावा म्हणून गुपचूप घोडा थोडा जवळ आणला, तोंडातून शब्द नाही. तो व्हिडिओही फिरला होता, तो शोधा आणि घरच्यांना दाखवा.

यांच्या भरवशावर राजा सुरक्षित असतो का खरंच? – एक वाचक, नागपूर

रोजची खरी सुरक्षा लंडन पोलिसांची, हत्यारबंद पोलीस तिथे कायम असतात. जुलै १९८२ मध्ये एक माणूस भिंत चढून थेट राणी एलिझाबेथच्या बेडरूमपर्यंत पोचला होता, त्यानंतर ही व्यवस्था बरीच कडक केली. गार्ड मुख्यतः मानाचा पहारा देतात. एक खूण लक्षात ठेवा, दिवसा समोर चार पहारेकरी दिसले तर राजे घरात, दोनच दिसले तर बाहेर. झेंड्यावरूनही कळतं, राजे असले की शाही झेंडा, नसले की देशाचा युनियन फ्लॅग.

मुलगा लंडनला असतो, पुढच्या उन्हाळ्यात जाणार आहोत. गार्ड बदलतात तो कार्यक्रम बघायचाय, कधी जावं, कुठे उभं राहावं? गुडघे दुखतात त्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही. – एक आजी, डोंबिवली

आजी, नक्की बघा. तिकीट नाही. सध्या सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असे चार दिवस असतो, मुख्य भाग सकाळी ११ ला सुरू होतो आणि पाऊण तास चालतो, पण जायच्या आधी मुलाला वेबसाइटवर तारीख बघायला सांगा कारण जोराचा पाऊस असला तर रद्द करतात.

लोक काय करतात, पॅलेसच्या रेलिंगला जागा मिळावी म्हणून दहाच्या आधीपासून उभे राहतात, समोरच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या पायऱ्याही भरतात. तुम्ही तिथे जाऊ नका. शेजारी बर्डकेज वॉक नावाच्या रस्त्यावर वेलिंग्टन बराकी आहेत, नवी गार्ड तिथून निघते, निघण्याआधी तिथल्याच मैदानात त्यांची तपासणी होते, कोटाची शिवण, बटणाची चमक, बुटाची टाच, एकेकाची, आणि ती रेलिंगमधून अगदी जवळून दिसते. गर्दी कमी, शेजारी सेंट जेम्स पार्कमध्ये बसायला बाक. बँड वाजवत ते निघाले की तुमचं निम्मं बघून झालं. पर्स मात्र पुढे धरा, त्या गर्दीत पाकीटमार असतात आणि पोलीसही तसं सांगत फिरतात.

पॅलेसच्या अंगणात काय चालतं ते आधी माहीत असलं तर जास्त मजा येते. जुनी गार्ड एका बाजूला, नवी समोर, दोन्हीकडचे कॅप्टन पुढे येतात आणि डाव्या हाताला डावा हात लावतात, ती किल्ल्या सोपवल्याची खूण. तेवढ्यात पहारेकरी बदलले जातात आणि बँड वाजत राहतो, त्यात फक्त लष्करी धून असतात असं नाही, सिनेमातली गाणीसुद्धा असतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी याच अंगणात राणीच्या परवानगीने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं होतं, विमानं बंद पडल्याने अडकलेले कितीतरी अमेरिकन बाहेर रेलिंगला धरून रडत होते. करोनात हा सगळा कार्यक्रम मार्च २०२० पासून बंद होता, तो ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला.

गुडघ्यांना अजून सोपं हवं असेल तर व्हाइटहॉलवरच्या हॉर्स गार्ड्सला जा, घोडदळाचा पहारा, तो रोज बदलतो, ११ ला आणि रविवारी १० ला. लाल कोट आणि पांढरा तुरा म्हणजे लाइफ गार्ड्स, निळा कोट आणि लाल तुरा म्हणजे ब्लूज अँड रॉयल्स. दुपारी ४ ला तिथे एक छोटी तपासणी असते. असं सांगतात की १८९४ मध्ये राणी व्हिक्टोरिया दुपारी तिथून जात होत्या तर पहाऱ्यावरचे लोक दारू पिऊन जुगार खेळताना सापडले, राणी एवढ्या चिडल्या की पुढची शंभर वर्षं रोज ४ वाजता ऑफिसर येऊन तपासणी करेल अशी शिक्षा दिली. शंभर वर्षं १९९४ ला भरली तरी तपासणी चालूच ठेवलीय. घोड्यांना हात लावू नका, चावतात, तशी पाटीच लावलीय.

पगडी घालणारे किंवा महिला गार्ड असतात का? – एक वाचक, नांदेड

असतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये स्कॉट्स गार्ड्सचा एक शीख जवान पगडी घालून बकिंगहॅम पॅलेससमोर पहाऱ्याला उभा राहिला, फूट गार्ड्सच्या जवानाने केसाळ टोपीऐवजी पगडी घालणं हे पहिल्यांदाच झालं होतं. २०१८ मध्ये कोल्डस्ट्रीमचा एक शीख जवान ट्रूपिंग द कलरमध्ये हजारभर टोप्यांच्या ओळीत काळी पगडी घालून चालला, पगडीवर रेजिमेंटचा बिल्ला. जून २०१७ मध्ये कॅनडाच्या पायदळातल्या मेगन कूटो या कॅप्टनने पूर्ण गार्डचं नेतृत्व केलं, पायदळातली महिला या जागी पहिल्यांदाच आली. पाहुण्या देशांच्या तुकड्या, गुरखा, नौदल, हेही अधूनमधून ही ड्युटी करतात.

फक्त ब्रिटनमध्येच असं असतं का? – एक वाचक, मडगाव

नाही, युरोपात बऱ्याच ठिकाणी. कोपनहेगनला डेन्मार्कच्या राजाची लिवगार्ड आहे, १६५८ पासूनची, त्यांच्याही डोक्यावर तशीच अस्वलाची टोपी, आणि ते रोज रोझेनबोर्गजवळच्या बराकीतून भर शहरातल्या रस्त्यांवरून चालत आमालियनबोर्ग राजवाड्याला १२ ला पोचतात, सायकलवाले बाजूला थांबतात आणि हे जातात. तिथे सक्तीच्या लष्करी सेवेतली तरुण मुलं असतात, वीस-एकवीसची. ग्रीसमध्ये आता राजा नाही, पण अथेन्सला राजाच्या जुन्या राजवाड्यात आता राष्ट्राध्यक्ष असतात आणि तिथला पहारा एव्हझोन नावाचे सैनिक देतात, चारशे चुण्यांचा पांढरा घागरा घालून, चारशे वर्षांच्या तुर्की राजवटीची आठवण म्हणून, आणि बुटाच्या तळाला खिळे ठोकलेले, एक जोडी तीन किलोच्या आसपास. पाय हवेत हळूहळू वर जातो, थांबतो, खाली येतो. तो पाय तसा धरून बघा, मांडी भरून येते.

नॉर्वेच्या किंग्ज गार्डने तर एक पेंग्विन दत्तक घेतलाय. एडिंबराच्या झूमध्ये असतो, नाव निल्स ओलाव्ह. १९७२ मध्ये छोट्या हुद्द्यावर सुरुवात, तो गेला की पुढच्या पेंग्विनला नाव आणि हुद्दा, २००८ ला नाइटचा किताब, २०२३ मध्ये मेजर जनरल. गार्डचे जवान येतात तेव्हा तो त्यांच्या रांगेसमोरून चालत तपासणी करतो आणि ते सगळे सावधानमध्ये उभे असतात. आपल्या रेजिमेंटवर एवढं प्रेम करणारी माणसं मला फार आवडतात.

तुम्हाला स्वतःला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? – एक वाचक, इचलकरंजी

टॉवर ऑफ लंडनमधला किल्ल्यांचा समारंभ. राजवाड्यासमोरचा कार्यक्रम मोठा, बँड वगैरे, पण हा रात्री ९ वाजून ५३ मिनिटांनी सुरू होतो आणि काही मिनिटांत संपतो, साधारण सातशे वर्षं रोज चाललाय. लाल लांब कोटातला मुख्य वॉर्डर, म्हणजे किल्ल्याचा रखवालदार, हातात कंदील आणि किल्ल्या घेऊन दरवाजे बंद करत येतो, अंधारात गार्डचा पहारेकरी रायफल रोखून ओरडतो, थांब, कोण येतंय? वॉर्डर म्हणतो, किल्ल्या. कोणाच्या किल्ल्या? राजे चार्ल्स यांच्या किल्ल्या. मग जा, सगळं ठीक आहे. मग बिगुल. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४० मध्ये नेमक्या याच वेळी जवळ बॉम्ब पडले, वॉर्डर आणि गार्ड धक्क्याने खाली पडले, उठले, कपडे झटकले आणि समारंभ पूर्ण केला. उशीर झाला म्हणून राजाला माफीचं पत्र गेलं. सातशे वर्षांत वेळ चुकली ती तेवढीच असं तिथे सांगतात. बघायचा असेल तर तिकीट खूप आधी ऑनलाइन काढावं लागतं.

लंडनमध्ये या राजवाड्याच्या आसपास आपल्या मराठी माणसाने बघावं असं काही आहे का? – एक वाचक, माणगाव

तुम्ही माणगावहून विचारताय म्हणून तर हा प्रश्न शेवटी ठेवला. राजवाड्याच्या बाजूने कॉन्स्टिट्यूशन हिल नावाचा रस्ता हाइड पार्क कॉर्नरकडे जातो, त्याच्या टोकाला मेमोरियल गेट्स आहेत. दोन्ही महायुद्धांत लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या पन्नास लाख स्वयंसेवक सैनिकांचं ते स्मारक, राणी एलिझाबेथनी २००२ मध्ये उद्घाटन केलं. दगडी खांबांवर देशांची नावं आहेत आणि बाजूला एक छोटी छत्री (समाधीवर असते तशी घुमटी) आहे. तिच्या आत जाऊन मान वर करायची, छताला आतून व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळवलेल्यांची नावं कोरलीत. त्यात तुमच्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे आहेत, १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतली सगळी माणसं पडल्यावर एकटे त्या मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच गेले, वय फक्त बावीस. आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव आहेत, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी जखमी साथीदारांना गोळीबारात उचलून आणणारे, ते मात्र जिवंत परत आले. दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे. ब्रिटनची गार्ड बघायला आलेले लाखो लोक या छत्रीच्या बाजूने जातात आणि वर बघत नाहीत, आपले लोकही नाही, म्हणून तुम्ही वर बघा आणि मुलांना वाचून दाखवा.

तिकीट नाही, चोवीस तास उघडं. पॅलेसपासून चालत दहाएक मिनिटं, चढ अगदी थोडा, आणि हाइड पार्क कॉर्नरचं ट्यूब स्टेशन समोरच असल्याने परतायलाही सोपं.